मनीच्या तोंडातली पाकोळी: घाबरायचे कशाला आणि सांभाळायचे काय

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली, की आमच्या वाडीतल्या मांजरे पाळणाऱ्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात शेजारची सून दिवेलागणीला धावत आली आणि म्हणाली, "काकू, मनीने माळ्यावरून पाकोळी आणली आहे, अजून जिवंत आहे, आणि पोरे तिथेच उभी आहेत. आता काय करू?" मी गेले तेव्हा मनी पडवीच्या कोपऱ्यात गुरगुरत बसली होती, तिच्या पंजाखाली ती पाकोळी, म्हणजे अंगठ्याएवढे तपकिरी वटवाघूळ, तोंड उघडून थरथरत होती आणि घरातली माणसे एकाच वेळी झाडू मारा, मांजराला हाकला, औषध शिंपडा असे सांगत होती.

त्या गोंधळाचे मला नवल वाटले नाही. गेल्या काही वर्षांत वटवाघूळ हा शब्द कोरोना, निपाह किंवा रेबीज यांची सोबत असल्याशिवाय आपल्या कानांवर फारसा पडलेलाच नाही. परंतु निपाह आणि रेबीज पसरण्याच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत, आणि आपल्या घरात घडणाऱ्या प्रसंगाशी त्यांचा संबंध किती आहे हे एकदा नीट कळले, तर पुढे काय करायचे ते ठरवणे अवघड राहत नाही.

## पाकोळी वेगळी, वटवाघूळ वेगळे

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत आणि भारतात सव्वाशेहून अधिक. आपल्या रोजच्या व्यवहारासाठी त्यांचे दोन गट लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे. पहिला गट फळे आणि फुलांतील मध खाणाऱ्यांचा. वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकणारी मोठी वटवाघळे या गटातली. दुसरा गट कीटक खाणाऱ्या छोट्या जातींचा, ज्यांना आपण घरी पाकोळ्या म्हणतो. (पक्षिमित्र ज्या पक्ष्याला पाकोळी म्हणतात तो निराळा; या लेखात पाकोळी म्हणजे छोटे वटवाघूळच.) कौलांच्या फटी, माळ्यावरचे वासे, दाराच्या चौकटीमागची पोकळी, शहरात वातानुकूलन यंत्राच्या मागची जागा, या सगळ्या ठिकाणी राहतात त्या पाकोळ्या. यांतल्या सर्वांत लहान जातीचे वजन एक रुपयाच्या नाण्याएवढे, म्हणजे तीन-चार ग्रॅम भरते, आणि अंगठा शिरेल एवढी फट तिला ये-जा करायला पुरते.

मांजराच्या तोंडात सापडते ती बहुतेक वेळा ही पाकोळी. पेरूच्या किंवा केळीच्या झाडावर येणारे मध्यम आकाराचे फळखाऊ वटवाघूळही क्वचित सापडते, पण ते झाडावर वावरते आणि मांजराच्या वाटेत कमी येते. हा फरक पुढे निपाहच्या बाबतीत कामाला येणार आहे.

## काळोखात उडणारा प्राणी मांजराला सापडतो कसा?

पाकोळी अंधारात वाट काढते ती आवाजावर. ती तोंडाने अतिशय उंच पट्टीचे आवाज काढते आणि समोरच्या भिंतीवरून, खांबावरून किंवा किड्यावरून परत आलेल्या पडसादावरून अंतर ओळखते. आडात डोकावून हाक मारली की परत आलेल्या आवाजावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो. पाकोळी तेच काम एका सेकंदात अनेकदा करते. हे आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, कारण माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि अनेक छोट्या पाकोळ्यांचे आवाज ४०,००० हर्ट्झच्याही वरचे असतात. मांजराचा कान मात्र ६०,००० हर्ट्झच्या पलीकडचेही ऐकतो. याचा अर्थ असा, की आपल्याला जी संध्याकाळ शांत वाटते ती मनीच्या कानाला शांत नसते. ती माळ्याकडे मान वर करून एकटक बघत बसते तेव्हा कौलांखाली चाललेली कुजबुज तिला खरोखरच ऐकू येत असते.

दुसरे कारण वेळेचे आहे. सूर्यास्तानंतर पाकोळ्या रोज साधारण एकाच वेळी, एकाच फटीतून, एकीमागून एक बाहेर पडतात आणि पडताना थोड्या खाली झेपावतात. मांजर हे संधिप्रकाशात शिकार करणारे जनावर आहे. ती फट तिला एकदा सापडली, की बसवाल्याला थांबा माहीत असावा तशी ती रोज तिथे जाऊन बसते. उडत्या पाकोळीला पकडणे कोणत्याही मांजराला कठीण असते. फटीच्या तोंडाशी, खाली पडलेली किंवा खोलीत शिरून दमलेली पाकोळी तिला सहज सापडते. म्हणून या प्रश्नाचे मूळ मला मनीच्या स्वभावात किंवा पाकोळीच्या अस्तित्वात दिसत नाही. ते दिवेलागणीच्या त्या तासाभरात आणि त्या एका फटीत आहे.

## रेबीजची भीती खरी किती?

या विषयावर इंटरनेटवर शोध घेतला तर बहुतेक मजकूर अमेरिकेतला सापडतो आणि तो वाचून माणूस हबकून जातो. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांचे लसीकरण इतके झाले आहे, की तिथे देशांतर्गत संसर्गातून होणाऱ्या रेबीजच्या मृत्यूंत वटवाघळांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यामुळे त्यांचा सल्ला त्यांच्या परिस्थितीला योग्यच आहे. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्याच्या चाव्यातून येतो, आणि आपल्याकडे वटवाघळापासून माणसाला रेबीज झाल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ पाकोळी हातात घेऊन खेळवावी असा मात्र नाही. रेबीजचा विषाणू ज्या विषाणूकुळातला आहे, त्याच कुळातला एक नवा विषाणू २०१५ मध्ये शेजारच्या श्रीलंकेत वटवाघळांत सापडला. त्यामुळे पाकोळी चावली किंवा तिची लाळ जखमेला लागली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन घडले ते जसेच्या तसे सांगावे. लस द्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्यावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट दाबू नये. पाकोळीचे दात इतके बारीक असतात, की चावल्याची खूण सुईच्या टोचणीसारखी असते आणि नजरेतून सुटते, म्हणून लहान मुलांचे हात उजेडात नीट पाहावेत.

प्रत्यक्षात मात्र अशा संध्याकाळी चावा बसतो तो बहुधा मांजराचा. आपण तिच्या तोंडातून शिकार ओढायला जातो आणि एरवी मांडीवर झोपणारी मनी हाताला कडकडून डसते. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जाणारे असतात, तिच्या तोंडातले जिवाणू जखमेच्या तळाशी जाऊन बसतात आणि एक-दोन दिवसांत हात सुजून लाल होतो. शिवाय मांजरालाही रेबीज होऊ शकतो. त्यामुळे घरच्या मांजराच्या चाव्यालाही साबणपाणी आणि डॉक्टर हाच नियम लागू आहे.

## आणि निपाह?

निपाह हा विषाणू प्रथम १९९८-९९ मध्ये मलेशियात ओळखला गेला. भारतात तो २००१ मध्ये सिलिगुडीत दिसला, आणि २०१८ मध्ये केरळातील कोळिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांतील साथीमुळे त्याचे नाव घराघरांत पोहोचले. त्यानंतरही केरळात तो अनेकदा परतला आहे. त्याचे नैसर्गिक घर म्हणजे मोठी फळखाऊ वटवाघळे. माणसांत तो आला त्या वाटा पाहिल्या, तर मलेशियात वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत, बांगलादेशात वटवाघळांनी उष्ट्या केलेल्या कच्च्या खजुरी रसातून, आणि केरळात मुख्यतः रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसांत, अशा त्या वाटा आहेत.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले आणि त्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वटवाघळांत फळखाऊ जातीबरोबर एक छोटी, कीटक खाणारी जातही होती. म्हणून "आपल्या घरातली पाकोळी पूर्ण निर्धोक" असे मी म्हणणार नाही. त्याचबरोबर, मलेशियातील साथीत मांजरांनाही संसर्ग झाला होता, हेही दडवणार नाही. परंतु विषाणूच्या खुणा सापडणे आणि माणसांत साथ येणे यांत मोठे अंतर असते. विहिरीत बेडूक सापडला म्हणून पूर आला असे होत नाही. त्या शोधानंतर महाराष्ट्रात निपाहची साथ उद्भवलेली नाही. निपाहसाठी खरोखर जपायचे ते झाडाखाली पडलेले, अर्धवट खाल्लेले आंबे, पेरू आणि जांभळे मुलांना उचलू न देण्याला. मनीने आणलेल्या पाकोळीसाठी हातमोजे आणि साबण पुरे आहेत.

## मांजराला काही होते का?

बहुतेक वेळा काही होत नाही, पण ते तिच्या आधीच्या लसीकरणावर अवलंबून असते. मांजराला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे बूस्टर घ्यायचा असतो. गावाकडे कुत्र्याला लस देतात आणि मांजर तसेच राहते. मनीलाही तोवर एकही लस दिलेली नव्हती, आणि त्या संध्याकाळची मला वाटलेली खरी काळजी तीच होती. पाकोळी पकडलेले मांजर लसवंत असले तरी पशुवैद्यांना कळवावे, ते बूस्टर द्यायला सांगू शकतात. लस झालेली नसेल तर दुसऱ्याच दिवशी घेऊन जावे. शिकार खाणाऱ्या मांजराच्या पोटात जंत होतात, तेव्हा जंताचे औषधही त्याच फेरीत मागून घ्यावे. पुढच्या काही आठवड्यांत तिचा स्वभाव अचानक बदलला, विनाकारण अंगावर येऊ लागली, लाळ गळू लागली किंवा चालताना मागचे पाय लटपटू लागले, तर तिला हात न लावता खोलीत बंद करून पशुवैद्यांना बोलवावे.

## पाकोळी तोंडात असताना

सर्वांत आधी मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे आणि पंखा बंद करावा. पंख्याच्या पात्याने पाकोळ्या फार मरतात आणि हे गडबडीत कोणाच्याच लक्षात येत नाही. मांजरावर ओरडू नये, कारण ओरडले की ती शिकार अधिक घट्ट धरते किंवा पलंगाखाली पळते. त्या दिवशी मी मनीच्या सुक्या मासळीचा डबा आणून तिच्यापासून चार हातांवर खडखडवला. ती दोनदा डब्याकडे पाहून पुन्हा पंजा घट्ट करत होती. तिसऱ्या वेळी उठली. ती उठताच सुनेने तिला उचलून आतल्या खोलीत घालून दार लावले.

नंतर जाड हातमोजे घालून, किंवा नसतील तर जाड टॉवेल चार पदरी करून, त्यात पाकोळीला अलगद उचलावे. टॉवेलमध्ये काही आहे की नाही असे वाटावे इतकी ती हलकी असते. पुठ्ठ्याच्या खोक्याला वर बारीक भोके पाडून, आत लटकायला सुती कापड सोडून, बाटलीच्या झाकणात थोडे पाणी ठेवून तिला त्यात ठेवावे. दूध, केळे, साखरपाणी काहीही घालू नये. कीटक खाणाऱ्या जिवाला त्याचा उपयोग नसतो.

आमच्या पाकोळीच्या डाव्या पंखाच्या पडद्याला तांदळाच्या दाण्याएवढे भोक पडले होते. पंखाचा पडदा म्हणजे लांबलेल्या बोटांमधली कातडी असते आणि अशी छोटी भोके आपोआप भरून येतात. म्हणून घरातले सगळे म्हणू लागले, की सोडून द्या, जाईल उडून. पण मांजराच्या दातांचा प्रश्न भोकाचा नसून जिवाणूंचा असतो. वरून साधा ओरखडा दिसणारी पाकोळी दोन दिवसांनी रक्तात संसर्ग पसरून मरू शकते, आणि ते टाळायला पशुवैद्यांकडून प्रतिजैविक मिळावे लागते. म्हणून मांजराने तोंडात धरलेली प्रत्येक पाकोळी जखमी समजावी. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला तर जवळच्या वन्यजीव बचाव करणाऱ्यांशी गाठ घालून देतात.

नुसती खोलीत शिरलेली, मांजराने न धरलेली पाकोळी असेल तर काम सोपे आहे. मांजर बाहेर, पंखा बंद, आतले दार बंद, बाहेरच्या खिडक्या आणि त्यांच्या जाळ्या सताड उघड्या, दिवा मालवलेला. दहा-पंधरा मिनिटांत ती स्वतःच जाते. ती घिरट्या घालते तेव्हा आपल्या केसांत अडकायला येत नसते, वाट शोधत असते. जमिनीवर पडलेल्या पाकोळीला तिथून उडणे बहुधा कठीण जाते. तिला टॉवेलने उचलून अंधार पडल्यावर डोक्याएवढ्या उंचीवर झाडाच्या खोडाला किंवा खरखरीत भिंतीला लावून सोडावे.

मेलेली असेल तर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे किंवा उलटी केलेली पिशवी वापरून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुरावी आणि ती जागा साबणपाण्याने पुसून घ्यावी.

## "मग माळ्यावरच्या पाकोळ्या मारूनच का टाकू नयेत?"

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याला मी वाईट समजत नाही. लहान मुले असलेल्या घराला तो पडणारच. पण धूर करून किंवा विष घालून पाकोळ्या हाकलल्या, तर त्यांतल्या काही बाहेर पडतात आणि उरलेल्या अर्धमेल्या होऊन खाली पडतात, म्हणजे ज्या प्रसंगाला आपण घाबरतो तोच दहापटीने घडतो. शिवाय या पाकोळ्या रात्रभर कीटक खातात. थायलंडमधील संशोधनात वटवाघळे भातावरच्या तुडतुड्यांना आवर घालतात असे दिसले आहे, आणि तुडतुडे म्हणजे काय हे भात लावणाऱ्याला सांगावे लागत नाही. फळखाऊ वटवाघळे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकण्यात आली.

पाकोळ्या नकोच असतील तर त्यांना बाहेर ठेवता येते. संध्याकाळी अंगणात बसून त्या कुठून निघतात ते पाहावे. त्या फटीवर वरून आणि दोन्ही बाजूंनी चिकटवलेली, खाली सुटी राहणारी जाळी लावावी, म्हणजे आतली पाकोळी खाली सरकून बाहेर येते आणि परत शिरू शकत नाही. आठवडाभराने, एकही निघत नाही अशी खात्री करून फट बुजवावी. हे काम पिले असताना करू नये, कारण पिलू पहिले काही आठवडे उडू शकत नाही आणि आई बाहेर अडकली तर ते आत उपाशी मरते. माळ्यावर पडलेल्या लेंड्या उंदराच्या की पाकोळीच्या हे कळत नसेल, तर काडीने चिरडून पाहाव्यात. पाकोळीच्या लेंडीची लगेच भुकटी होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. ती घाण कोरडी झाडू नये, तिच्यातील बुरशीचे कण श्वासात जाऊ शकतात. तोंडाला मास्क बांधून, पाणी शिंपडून, मगच गोळा करावी.

## "मांजराला का कायमचे कोंडायचे?"

कायमचे नाही. सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून पुढे तास-दीड तास तिला आत ठेवले, तरी पाकोळ्यांची निघण्याची वेळ टळते. कोंडले म्हणून मांजर रडते, हे खरे आहे, पण त्याच वेळी तिचे रात्रीचे जेवण ठेवले तर चार-आठ दिवसांत ती आपण होऊन आत येऊ लागते.

गळ्यात घुंगरू बांधा, हा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये ३५५ मांजरांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घुंगराने शिकारीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र भरपूर मांस असलेले खाणे दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या आणि रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी. तो अभ्यास मुख्यतः उंदीर आणि पक्ष्यांचा होता, पाकोळ्यांचा नव्हे, तरीही त्यातले मर्म आपल्या दूधभातावर वाढणाऱ्या मांजरांना चपखल लागू पडते. मांजर हे मांसाहारी जनावर आहे. दूधभाताने तिचे पोट भरते पण तिची गरज भागत नाही, आणि राहिलेली गरज ती माळ्यावर जाऊन भागवते. दोरीला चिंधी बांधून ती ओढत पडवीभर चार फेऱ्या मारणे हे आमच्याकडे आता नातवंडांचे काम आहे.

## शाकारणीच्या दिवसांत

कोकणातल्या घरांसाठी वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीचा असतो. कौले उतरवून पुन्हा लावताना पाकोळ्यांचे बिऱ्हाड उघडे पडते, अनेक जातींची पिले त्याच सुमारास लहान असतात, ती वाशांवरून निसटून खाली पडतात आणि मांजर खाली वाटच पाहत असते. मनीने पाकोळी आणली ती अशाच दिवशी. दुपारपर्यंत अर्धे छप्पर उतरले होते आणि संध्याकाळी ती तोंडात घेऊन आली.

त्यानंतर शेजारच्या घरी कौले एका टोकाकडून थोडी थोडी उतरवायला सांगतात, म्हणजे पाकोळ्यांना दुसऱ्या बाजूला सरकायला वेळ मिळतो. काम चालू असेपर्यंत मनी कोठीच्या खोलीत असते, आणि गडी खाली उतरल्यावर सून हातमोजे घालून माळ्याखालची जमीन एकदा पाहून घेते. मागच्या खेपेला तिला तिथे दोन पिले सापडली, खाली अंथरलेल्या गोणपाटाला नखांनी धरून बसलेली. ती तिने टॉवेलने उचलून न उतरवलेल्या बाजूच्या वाशावर ठेवली आणि शिडी काढून घेतली.